'टू बिल्ड अ फायर' कानांसाठी करताना: आधी वारा बंद करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जॅक लंडनच्या 'टू बिल्ड अ फायर' या कथेची तीन-चार ध्वनिरूपं ऐकली. एक साधं वाचन होतं, एकाच आवाजातलं. बाकीची पात्रं, संगीत आणि इफेक्ट घालून केलेली नाट्यरूपं. मेहनत नाट्यरूपांवर उघडच जास्त होती, तरी अंगावर काटा आला तो साध्या वाचनानं. असं का व्हावं? आणि आमच्या गटाला ही कथा मराठीत करायची असेल तर काय सांभाळावं?

पहिल्या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर: वाचनात वारा नव्हता म्हणून.

चेष्टा वाटेल, पण नाट्यरूपं पुन्हा लावून पाहा. बहुतेकांत पहिल्या दहा सेकंदांत 'सूंऽऽ' करत वारा सुरू होतो आणि शेवटपर्यंत हटत नाही. बर्फ म्हटलं की वारा, हे इफेक्ट देणाऱ्याच्या हातात बसलेलं असतं. माझ्याही हातात होतं. श्रुतिका बसवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. ही कथा मी दोनदा केली, आणि पहिल्या खेपेला ती वाऱ्यानंच बुडवली.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉनच्या हिवाळ्यात एक माणूस एका कुत्र्याला घेऊन हेंडरसन क्रीक या ओढ्यावरच्या छावणीकडे निघालाय. तिथला त्याचा हा पहिलाच हिवाळा. थंडी शून्याखाली ७५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे ५९ सेल्सिअस. सल्फर क्रीकवरच्या एका म्हाताऱ्यानं त्याला बजावलेलं असतं की शून्याखाली ५० च्या पुढे थंडी गेली की एकट्यानं वाट धरायची नाही. याला ते बायकी वाटतं. दुपारी बर्फाच्या पापुद्र्याखालच्या पाण्यात त्याचे पाय नडगीपर्यंत भिजतात. आता जाळ करून पाय वाळवले नाहीत तर संपलं. तो स्प्रूसच्या झाडाखाली जाळ करतो, झाडावरचा बर्फ कोसळून तो विझतो. दुसरा जाळ बधिर बोटांना साधत नाही. माणूस मरतो, कुत्रा निघून जातो. लंडन स्वतः १८९७ मध्ये सोन्यामागे क्लोंडाइकला गेला होता आणि सोनं काढण्यासाठी त्यानं नोंदवलेली जागा हेंडरसन क्रीकच्या डाव्या फाट्यावरच होती, म्हणजे ही वाट त्याच्या पायाखालची.

आता तो बर्फ झाडावरून का पडतो, हे बघा. लंडन सांगतो की कित्येक आठवडे वारा वाहिलेला नव्हता, म्हणून प्रत्येक फांदी बर्फानं पुरती लादलेली होती. माणूस खालून काटक्या ओढत गेला, दर ओढीला झाडाला जराशी हालचाल पोचली आणि शेवटी वरची एक फांदी रिकामी झाली. तिचा बर्फ खालच्या फांद्यांवर, त्यांचा त्याखालच्यांवर, असं करत सगळं झाड जाळावर उतरलं. वारा असता तर तो बर्फ केव्हाच झडून गेला असता. फांद्या मोकळ्या राहिल्या असत्या, जाळ जगला असता, माणूसही जगला असता. वीस मिनिटं घोंगावणारा वारा ऐकवून एकविसाव्या मिनिटाला तुम्ही झाडावरून बर्फ पाडता, तेव्हा श्रोत्याच्या मनात ही शंका शब्दांत उमटत नाही, पण कुठेतरी गोष्ट खोटी पडते. पुढे तो सगळ्या काड्या, ७० काड्या, एकदम पेटवतो. तिथेही लंडन मुद्दाम सांगतो की त्या विझवायला वारा नव्हता.

हवामानशास्त्रही लंडनच्याच बाजूनं आहे. इतकी थंडी पडते ती हवा निश्चल असते तेव्हा. जड गार हवा दरीत साचून बसते आणि वर तुलनेनं उबदार थर राहतो. वारा सुटला की थर ढवळले जातात आणि पारा वर चढतो. युकॉनमधल्याच स्नॅग या ठिकाणी ३ फेब्रुवारी १९४७ ला उणे ६३ सेल्सिअसची नोंद झाली, ती उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची (ग्रीनलंड सोडून) आजवरची नीचांकी नोंद. तिथल्या निरीक्षकांनी आवाजांबद्दल जे सांगितलं ते आपल्या कामाचं आहे. कित्येक किलोमीटरवरच्या वस्तीतली कुत्री जवळ भुंकत असल्यासारखी ऐकू यायची आणि तोंडातून सुटलेल्या श्वासाचा गोठताना बारीक आवाज व्हायचा. सैबेरियात याकूतियामध्ये या गोठत्या श्वासाच्या आवाजाला 'ताऱ्यांची कुजबुज' म्हणतात. थंड हवेच्या थरामुळे आवाज वर निसटत नाही, वळून पुन्हा जमिनीकडे येतो, म्हणून तो लांबवर जातो. (अशा थंडीत ध्वनीचा वेगही घटतो, सेकंदाला ३४३ मीटरचा सुमारे २९३ होतो. स्टुडिओत कुणीतरी हुशार माणूस ही माहिती पुरवतोच. सोडून द्या, कानाला त्यानं काडीचा फरक पडत नाही.)

म्हणजे तुमच्या पार्श्वभूमीला शांतताच हवी, आणि अशी शांतता जिच्यात बारीकसारीक आवाजही नागडा उभा राहतो. ती करायला वाऱ्यापेक्षा फार कष्ट पडतात. पहिल्या वेळी आम्ही ज्या स्टुडिओत रेकॉर्ड केलं तिथे एसीची बारीक घरघर होती. रोजच्या कामात ती कुणाला जाणवायची नाही. मला वाटतं आम्ही वारा घातला तो अर्धा कथेसाठी आणि अर्धा ती घरघर झाकायला. दुसऱ्या वेळी एसी बंद करून, पंधरा-पंधरा मिनिटांचे टेक घेत, घामाघूम होऊन उणे ५९ चं रेकॉर्डिंग केलं.

शांतता म्हणजे ट्रॅकवर काहीच नसणं, असं मात्र समजू नका. दोन वाक्यांमधला तुकडा कापून तिथे कोरी जागा ठेवलीत की हेडफोन लावलेला श्रोता फोनकडे बघतो, बंद पडला का म्हणून. नॉइज काढणारं सॉफ्टवेअर कडक लावलं तरी तेच होतं, शब्द संपला की मागची हवाही संपते आणि दर वाक्यागणिक कुणीतरी दार लावल्यासारखं वाटतं. ज्या खोलीत वाचन झालं तिथली दोन मिनिटांची रिकामी खोली रेकॉर्ड करून ठेवा आणि ती सगळ्या वाचनाखाली अखंड अंथरा. मागच्या आवाजासाठी ऑडिओबुकवाल्यांची उणे ६० डेसिबलची मर्यादा असते, त्याच्या खालीच ती राहील. ऐकू येत नाही, पण काढून घेतली की लगेच कळतं. आणि शेवटी सगळ्याचा आवाज सारखा करणारा कंप्रेसर हात राखून वापरा. तो शांततेलाही वर उचलतो आणि मग तुमची युकॉनची दरी खोलीएवढी होते.

आता माणसाचा आवाज. नाट्यरूपांची दुसरी खोड म्हणजे त्या माणसाला बोलतं करणं. कथेत संवाद जवळजवळ नाहीत, मग लेखक त्याला स्वगतं देतो: 'बापरे, किती ही थंडी! बोटं बधिर झाली माझी!' नट ते खणखणीत आवाजात म्हणतो, प्रत्येक व्यंजन स्वच्छ. आणि लंडननं काय लिहिलंय? माणूस तंबाखू चघळतोय. त्याच्या दाढी-मिशांवर श्वासाचा बर्फ इतका साचलाय की तोंडाला मुसकी घातल्यासारखं झालंय. थुंकल्यावर रस हनुवटीच्या पलीकडे पडत नाही एवढे ओठ ताठरलेत, आणि त्या रसाचीच पिंगट दाढी लांबत चाललीय. अशा तोंडातून 'बोटं बधिर' हे शब्द निघतील का? एकदा स्वतः ओठ न हलवता म्हणून पाहा. ब आणि भ, प आणि म, सगळी ओठांवरची अक्षरं गेली.

त्याहून मोठी अडचण अशी की स्वगत दिल्यावर या माणसाला मन मिळतं. लंडनचा सगळा डाव तर उलट आहे. तो सुरुवातीलाच सांगतो की याला वस्तू कळतात, त्यांचा अर्थ कळत नाही. शून्याखाली ७५ म्हणजे गार, बस्स, त्यापुढे त्याचा विचार जात नाही. थंडीत माणूस किती तकलादू असतो हे निवेदकाला ठाऊक आहे, कुत्र्याला उपजत ठाऊक आहे, माणसाला ठाऊक नाही. तीन कोनांचा हा खेळ आहे. माणूस बोलायला लागला की श्रोता त्याच्या बाजूला जातो आणि निवेदकाचा कोन कोसळतो. साध्या वाचनात हा कोन आपोआप शाबूत राहतो, कारण तिथे निवेदकाशिवाय कुणीच नसतं. तुम्हाला वाचन भिडलं त्याचं हे दुसरं कारण, आणि खरं तर पहिल्यापेक्षा वजनदार.

सगळ्याच जगण्या-मरण्याच्या कथांना हे लागू नाही, हेही सांगतो. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर १९४७ ते १९५४ या काळात 'एस्केप' नावाची मालिका होती, अर्ध्या अर्ध्या तासाच्या साहसकथांची. तिच्यातलं 'लायनिंगेन व्हर्सेस द अँट्स' (१४ जानेवारी १९४८, मुख्य भूमिकेत विल्यम कॉनराड) आजही ऐकावं असं आहे. ब्राझीलमधला मळेवाला आणि चाल करून येणाऱ्या मुंग्या. पण तिथे मळ्यावर शेकडो माणसं आहेत, हुकूम सुटतात, वाद होतात, शत्रू पुढे सरकतो. बोलायला निमित्त आहे. आपल्या कथेत शत्रू आधीपासून सगळीकडे आहे आणि तो हलतच नाही. तो साचा इथे उचलून लावला की स्वगतं आणि वारा आलेच.

मग माणसाला पूर्ण गप्प करायचं का? नाही. लंडननं त्याला मोजके आवाज दिलेत, ते सोन्यासारखे वापरा. पहिला थुंकीचा. शून्याखाली ५० ला थुंकी बर्फावर पडून तडकते हे त्याला माहीत असतं. इथे ती खाली पडायच्या आधी, हवेतच तडकते. तो चमकतो, पुन्हा थुंकतो, पुन्हा हवेतच. सगळ्या कथेतला हा पहिला मोठा इफेक्ट. त्याच्या आधी काहीही वाजलेलं नसेल तर तो गोळीसारखा येतो. आम्ही फ्रीजरमधला बर्फाचा पातळ पापुद्रा माइकच्या अगदी जवळ मोडून तो केला.

दुसरा आवाज कुत्र्याशी बोलण्याचा. आजवर हा माणूस त्याच्याशी चाबकाच्या फटकाऱ्यासारखंच बोललेला आहे. शेवटी कुत्र्याला मारून त्याच्या गरम पोटात हात घालावेत असं त्याच्या मनात येतं आणि तो गोड बोलून त्याला जवळ बोलवायला जातो. त्या आवाजात कधी न ऐकलेली भीती आहे, कुत्रा बिचकतो आणि लांब सरकतो. ही जागा तर लेखकानं श्रुतिकेसाठीच लिहिल्यासारखी आहे, कारण इथे आवाजच कथा पुढे नेतो. म्हणून कुत्र्यावरचे आधीचे दोन-तीन फटकारे नक्की ठेवा, नाहीतर हा बदल कळणार कसा? शब्द नकोतच, नुसता सूर पुरतो. तिसरं, शेवटी तो सल्फर क्रीकच्या म्हाताऱ्याला उद्देशून पुटपुटतो की तुझंच खरं होतं. एवढं एक वाक्य नटाला द्या. बाकी श्वास. आणि श्वासाचे टेक छोटे ठेवा. आमचा नट सलग तीन मिनिटं धापा टाकून खरोखर भोवळ येऊन खाली बसला होता.

पावलांबद्दल. जवळपास सगळीकडे टाचांचे बूट ऐकू येतात, कडक बर्फावर खर्र-खर्र. या माणसाच्या पायात मऊ चामड्याचे मोकॅसिन आहेत, आत जाड लोकरी मोजे, आणि शेवटची घसरगाडी गेल्यानंतर वाटेवर फूटभर ताजा बर्फ पडलाय. टाच नाहीच. कॉर्नफ्लोअर चामड्याच्या पिशवीत भरून दाबण्याची जुनी युक्ती इथे उत्तम चालते, मात्र मूठ आवळू नका, तळहातानं दाबा. पाय भिजल्यावर मोजे लोखंडी नळ्यांसारखे आणि वाद्या पोलादी सळयांसारख्या होतात, असं लंडन म्हणतो. तिथून पाऊल बदललं पाहिजे, लाकूड लाकडावर टेकल्यासारखं. आणि शेवटी तो जिवाच्या आकांतानं पळतो तेव्हा त्याला पायच जाणवत नाहीत, जमिनीवरून तरंगत चाललोय असं वाटतं. दुसऱ्या वेळी आम्ही त्या पळण्यातून पावलंच काढून टाकली. धाप आहे, कपड्यांची सळसळ आहे, मागे कुत्र्याची पावलं आहेत, माणसाची नाहीत. ध्वनिसंकलक म्हणाला, ट्रॅक म्यूट राहिलाय. दोनदा ऐकल्यावर म्हणाला, राहू दे.

बर्फ कोसळण्याच्या जागेवर जरा थांबतो, कारण वाचन आणि नाट्य यांतला फरक तिथे सगळ्यात उघडा पडतो. माणूस मोकॅसिनच्या वाद्या कापायला सुरी काढतो. तेवढ्यात, लंडन म्हणतो, ते घडलं. आणि काय घडलं ते सांगत नाही! आधी सांगतो की चूक याचीच होती, जाळ झाडाखाली करायला नको होता, मोकळ्यात करायला हवा होता, पण काटक्या तिथे हाताशी होत्या. मग झाड, फांद्या, न वाहिलेला वारा, ओढलेल्या काटक्या. आणि मग कुठे बर्फ खाली येतो. 'घडलं' आणि 'पडला' यांच्यामध्ये निवेदकानं काळ थांबवून धरलाय आणि ते सगळं झाड श्रोत्याच्या डोक्यावर टांगलेलं आहे. नाट्यरूपात काय होतं? 'घडलं' म्हणताक्षणी धडाम, संगीत, किंकाळी. मग मागाहून खुलासा. हवाच गेली.

आम्ही असं केलं. जाळ पेटल्यापासून त्याचा तडतडाट चालू ठेवला. खऱ्या वाळक्या काटक्यांचा रेकॉर्ड केलेला, कारण सेलोफेन चुरगाळण्याची युक्ती हेडफोनवर लगेच उघडी पडते. साऱ्या कथेतला तो एकमेव उबदार आवाज, म्हणून दोन्ही कानांत पसरलेला. निवेदक 'घडलं' म्हणतो तरी तडतडाट चालूच. तो झाडाबद्दल सांगत राहतो, तडतडाट चालूच. शेवटचं वाक्य संपतं आणि तडतडाट जिथे आहे तिथे कापला जातो. बर्फ पडण्याचा आवाज दिलाच नाही. पाच सेकंद फक्त ती रिकामी खोली. पुढचं वाक्य असं आहे की त्याला जणू आपल्याच मृत्यूची शिक्षा ऐकू आली. लंडननं 'ऐकू आली' म्हटलंय, तेव्हा तिथे खरंच काही ऐकू येता कामा नये असं माझं मत. तुम्हाला धप्प आवाज हवाच असेल तर अगदी मऊ द्या, गादीवर उशी टाकावी इतका.

काटकी ओढताना वरून बर्फ भुरभुरल्याचा आवाज देण्याचा मोहही होईल. आम्हाला झाला होता. पण ती हालचाल माणसाला जाणवण्याइतकी नव्हती, असं कथेतच आहे. श्रोत्याला ती ऐकू आली तर तो माणसाच्या पुढे जातो आणि 'अरे वर बघ' म्हणत बसतो. ती भीती वेगळी, जरा स्वस्त.

कुत्र्याला भुंकू देऊ नका. हस्की जातीची कुत्री भुंकण्यापेक्षा कुंई करतात, रडतात. आणि लांडगे तर कथेत कुठेच नाहीत, तरी शीर्षक-संगीतात त्यांची हाळी टाकणारे महाभाग आहेत. ती हाळी तिथे खर्च झाली की शेवटी काय उरणार? शेवटच्या पानावर लंडननं इफेक्टची यादीच दिल्यासारखी आहे: कुत्रा हळू कुंई करतो, दटावणीच्या अपेक्षेनं कान पाडतो, माणूस गप्पच. मग मोठ्यानं कुंई करतो. मग जवळ सरकतो आणि त्याला मरणाचा वास येतो. मग ताऱ्यांखाली उभा राहून रडतो. कथेत कुत्र्यानं गळा काढण्याची ही एकच जागा.

मराठीत करताना पहिलं अडेल ते शीर्षक. 'शेकोटी' हा शब्द लगेच सुचतो आणि तोच घात करतो. शेकोटीभोवती माणसं असतात, गप्पा असतात, हात शेकणं असतं. इथे एकटा माणूस जीव वाचवायला विस्तव करतोय. 'आग' म्हणाल तर काहीतरी जळून जाण्याचा अर्थ येतो. मी 'जाळ' धरला आणि कथाभर तोच ठेवला. जाळ करणं, जाळ धरणं, जाळ विझणं, सगळी क्रियापदं त्याच्याशी बसतात आणि शब्द तोंडात छोटा आहे. काड्यांना मात्र 'काड्या'च म्हणा, 'आगकाड्या' म्हटलं की पुन्हा आग आली.

दुसरं, 'होता-होती-होतं'. लंडनची वाक्यं छोटी आणि कोरडी आहेत, आपली क्रियापदं वाक्याच्या शेवटी येतात. भाषांतर सरळ केलं की 'थंडी होती. आकाश स्वच्छ होतं. सूर्य नव्हता. तो चालत होता' असा ठेका बसतो. डोळ्यांनी वाचताना तो खपतो, कानाला मात्र चौथ्या वाक्याला पाळण्यात घालून झोपवतो. क्रियापद गाळता येईल तिथे गाळा: 'आकाशात ढग नाही, तरी सूर्याचा पत्ता नाही.' काही वाक्यं उलटी करा: 'दिवस उजाडला तो थंड, करडा.' मात्र वैतागून सगळं वर्तमानकाळात नेऊ नका. 'तो चालतोय, तो थांबतोय' म्हटलं की क्रिकेटच्या समालोचनाचा बाज येतो, आणि मुख्य म्हणजे निवेदकाला शेवट ठाऊक असल्याची ती थंडगार खात्री जाते.

तिसरं, फॅरनहाइट. कथेत हिशेब आहे: गोठणबिंदू शून्यावर ३२, थंडी शून्याखाली ७५, म्हणजे गोठण्याच्या खाली १०७ अंश. सेल्सिअसमध्ये हा हिशेबच मोडतो, कारण तिथे गोठणबिंदूच शून्य. माझ्या पहिल्या आवृत्तीत 'उणे एकोणसाठ' होतं आणि १०७ चं वाक्य गाळलेलं. दुसऱ्या वेळी मी फॅरनहाइट ठेवलं, सुरुवातीला एकदाच सांगून टाकलं, आणि पुढे 'शून्याखाली पंचाहत्तर' हेच पालुपद. ऐकणारा गणित करत बसत नाही, आकड्याचं वजन त्याला पुरतं, आणि 'पंचाहत्तर' तोंडात भरतो तसा 'एकोणसाठ' भरत नाही.

निवेदक कसा हवा? थरथरणारा नको. सहानुभूतीनं ओथंबलेला तर अजिबात नको. हा आवाज उबेत बसलेल्या माणसाचा आहे, ज्याला घाई नाही आणि जो काही लपवत नाही. स्त्री-पुरुष यानं काही बिघडत नाही. मला विचाराल तर साठीच्या पुढचा आवाज, सल्फर क्रीकच्या म्हाताऱ्याची किंचित सावली असलेला. मात्र ती सावली नटाला समजावून सांगू नका, सांगितली की तो म्हातारा 'करायला' लागतो.

लांबी. मूळ इंग्रजी कथा साधारण ७,००० शब्दांची, निवांत वाचली तर पाऊण तास. अर्ध्या तासात बसवायची तर तिसरा हिस्सा जातो. बहुतेक जण दुपारच्या जेवणाचा जाळ उडवतात, कारण तिथे 'काही घडत नाही'. साडेबाराच्या ठोक्याला माणूस फाट्याशी पोचतो, बोटं काही सेकंदांत बधिर होतात, आणि तरीही जाळ नीट पेटतो. तो जाळ श्रोत्यानं ऐकलाच पाहिजे. सगळं जमतंय तेव्हा ते कसं वाजतं हे कानात बसलेलं नसेल तर तासाभरानं हरल्याचं काय कळणार? कापायचंच तर सुरुवातीचा भूगोल कापा, युकॉनच्या वाटेची वळणं आणि मैलांचे हिशेब.

मूळ मजकूर घेताना आवृत्ती तपासा. लंडननं ही कथा दोनदा लिहिली. १९०२ ची मुलांच्या साप्ताहिकासाठी: तिच्यात माणसाला टॉम व्हिन्सेंट असं नाव आहे, कुत्रा नाही, आणि तो हात भाजून घेऊन वाचतो व एकट्यानं फिरू नये हा धडा शिकतो. १९०८ ची 'सेंच्युरी' मासिकातली: बिननावाचा माणूस, कुत्रा, मरण. जालावरची वाचनं शोधताना नाव ऐकू आलं की समजा ती पहिली आहे. हक्कांचा प्रश्न नाही. लंडन १९१६ मध्ये वारला, कथा केव्हाच मुक्त झालीय. लिब्रिवॉक्स या मोफत ऑडिओबुकांच्या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी केलेली इंग्रजी वाचनं आहेत. त्यांतली दोन-तीन पाठोपाठ ऐका, निवेदकाच्या आवाजाबद्दल मी काय म्हणतोय ते आपोआप कळेल. या कथेवरच्या १९६९ च्या चित्रपटातही, पडद्यावर माणूस दिसत असूनसुद्धा, गोष्ट ऑर्सन वेल्सच्या निवेदनावरच चालते.

राहता राहिला शेवट. कुत्रा वळतो आणि छावणीच्या दिशेनं निघतो, जिथे अन्न देणारे आणि जाळ करणारे दुसरे कुणी आहेत. पहिल्या खेपेला आम्ही माइक कुत्र्याबरोबर नेला होता. पावलं, मग लांबून माणसांचे आवाज, भांड्यांचा खणखणाट, संगीत. दुसऱ्या खेपेला माइक माणसापाशीच ठेवला. कुत्र्याची पावलं लांब जातात, आणि अशा हवेत आवाज लवकर विरत नाही म्हणून ती बराच वेळ जात राहतात. आमची बावन्न सेकंदं होती. निर्मात्यानं वीस करायला सांगितलं, घासाघीस करून चाळीसवर तोडलं. त्या चाळीस सेकंदांत दुसरं काही नाही, आणि जो श्वास तोपर्यंत पाऊण तास कानाशी होता तोही नाही.